क्रीडा संचालक व्हायचंय? एम.पी.एड.पासून पहिल्या हंगामापर्यंतची वाट

एम.पी.एड.चं, म्हणजे शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीचं, शेवटचं वर्ष आलं की मुलं-मुली विचारायला लागतात, "मॅडम, कॉलेजात डायरेक्टर व्हायला नेमकं काय काय लागतं?" याचं उत्तर एका जागी मिळत नाही. पात्रता विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या नियमावलीत असते, भरतीची प्रक्रिया शासन निर्णयांत, स्पर्धांचे नियम विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या पुस्तिकेत. रुजू झाल्यावर करायचं काम तर कुठेच लिहिलेलं नसतं. मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात हे काम केलं आहे, विद्यापीठाच्या निवड समित्यांवर बसले आहे आणि संघांबरोबर व्यवस्थापक म्हणून फिरले आहे. या वाटेवर जे समजलं ते क्रमाने सांगते.

एक कसोटी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. खेळण्याच्या लायकीचा एकही विद्यार्थी कागदामुळे, पैशामुळे किंवा आपल्या नजरेतून सुटल्यामुळे मैदानाबाहेर राहता कामा नये. करंडक किती आले हे त्यानंतर मोजायचं.

१. पद नेमकं कोणतं, ते समजून घ्या

महाविद्यालयातल्या पदाचं कागदोपत्री नाव "शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालक". बोलताना सगळे "डायरेक्टर", "स्पोर्ट्स सर" किंवा "जिमखान्याच्या मॅडम" म्हणतात. विद्यापीठात याच वाटेवर तीन पायऱ्या आहेत : सहायक संचालक, उपसंचालक आणि संचालक. महाविद्यालयाचा संचालक आणि विद्यापीठाचा सहायक संचालक ही दोन्ही पदं यूजीसीच्या वेतनश्रेणीत एकाच स्तरावर, म्हणजे शैक्षणिक स्तर १० वर येतात. सातव्या वेतन आयोगानुसार तिथलं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांत क्रीडा व शारीरिक शिक्षण संचालकांचा समावेश आहे आणि त्यांच्या कामासाठी स्वतंत्र मंडळाचीही तरतूद आहे. मुलाखतीत हे हमखास विचारतात, म्हणून कायद्याचा तो भाग मुळातून वाचा.

शाळेतला क्रीडाशिक्षक आणि हे पद यांत गल्लत करू नका. शाळेसाठी बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणातली पदवी चालते, इथे चालत नाही.

२. पात्रता : इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

आधार आहे यूजीसीची १८ जुलै २०१८ ची नियमावली. तिच्यानुसार महाविद्यालयीन संचालकाला लागतं ते असं :

- शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, किमान ५५ टक्के गुणांसह
- आंतरविद्यापीठ किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत, किंवा राज्य वा राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत प्रतिनिधित्व केल्याचा पुरावा
- नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्यपातळीवरची) पात्रता परीक्षा उत्तीर्ण, किंवा यूजीसीच्या नियमांनुसार मिळवलेली पीएच.डी.
- शारीरिक क्षमता चाचणी उत्तीर्ण

आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतल्या पदकविजेत्याला पदव्युत्तर पदवीवर वेगळी वाट आहे. ती फार थोड्यांसाठी.

दुसऱ्या मुद्द्याकडे नीट लक्ष द्या. एम.पी.एड.ला पहिल्या वर्गात आलेले, सेट झालेले उमेदवार छाननीत बाद होताना मी पाहिले आहेत. कारण एकच : खेळल्याचं प्रमाणपत्र नाही. पदवीच्या वर्षांत आंतरमहाविद्यालयीन कबड्डी खेळलेले असतात, पण प्रमाणपत्र संघव्यवस्थापकाकडेच राहिलं, नाहीतर घर बदलताना हरवलं. तुम्ही अजून शिकत असाल तर आजच आपल्या जिमखान्यात जाऊन सगळी प्रमाणपत्रं गोळा करा. जुनं हरवलं असेल तर त्या वर्षीच्या संघाची यादी शोधा, प्राचार्यांच्या पत्रासह विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. जितकी वर्षं उलटतात तितकं ते अवघड होतं, कारण जुनी दप्तरं निकाली निघतात.

शारीरिक चाचणीचे निकष वयानुसार आहेत. पुरुषांना १२ मिनिटं धावणं किंवा चालणं : वय ३० पर्यंत १,८०० मीटर, ४० पर्यंत १,५००, ४५ पर्यंत १,२०० आणि ५० पर्यंत ८०० मीटर. महिलांना ८ मिनिटं : याच वयोगटांत अनुक्रमे १,०००, ८००, ६०० आणि ४०० मीटर. आकडे सोपे दिसतात. पण नेट-सेटच्या अभ्यासात दोन-तीन वर्षं खुर्चीत गेली की शरीर आयत्या वेळी साथ देत नाही, आणि चाचणी बहुधा मुलाखतीच्याच धावपळीत असते. चाचणीआधी वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेही सोबत ठेवा.

३. नेट की सेट?

दोन्ही द्या. नेट एनटीए ही राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, शारीरिक शिक्षणाचा विषय क्रमांक ४७. सेट महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. रचना सारखीच : पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, प्रत्येक प्रश्नाला दोन गुण. खुल्या प्रवर्गाला एकूण ४० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ३५ टक्के ही फक्त किमान अट आहे. तेवढे गुण पडले म्हणजे पास झालो, असं समजू नका. खरी लढत त्यानंतरच्या गुणवत्ता यादीत असते.

मैदानात वाढलेली मुलं पहिल्या पेपरला मागे पडतात. संशोधन अभिवृत्ती, आकडेमोड, उताऱ्यावरचे प्रश्न यांची सवय नसते. रोज थोडा वेळ पहिल्या पेपरलाच द्या. दुसऱ्या पेपरात शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी आणि चाचणी-मापन हे घटक पक्के करा, खेळांचे नियम तुम्हाला तसेही येत असतात.

४. अर्ज, मुलाखत आणि मान्यतेचं पत्र

अनुदानित महाविद्यालयातली जागा निघायला उच्च शिक्षण विभागाची ना-हरकत लागते, बिंदूनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गासाठी याचा तक्ता, तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात येते. यात महिने जातात. म्हणून जाहिरातीची वाट पाहत कागदपत्रं तशीच ठेवू नका, ती आधीच तयार करा. फाइलमध्ये असावं :

- दहावीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रं
- नेट/सेट/पीएच.डी. प्रमाणपत्र (पीएच.डी. असेल तर ती यूजीसीच्या नियमांनुसार झाल्याचं विद्यापीठाचं पत्रसुद्धा)
- खेळाची प्रमाणपत्रं, वर्षवार लावून
- जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असेल तिथे नॉन-क्रीमीलेअर
- अधिवास प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर राजपत्र
- अनुभवाची पत्रं आणि प्रत्येक नेमणुकीचं विद्यापीठ मान्यतेचं पत्र
- पंच परीक्षा, प्रशिक्षक अभ्यासक्रम यांची प्रमाणपत्रं

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षण अभ्यासक्रम पात्रतेत सक्तीचा नाही. पण ज्याने एखादा खेळ खोलात शिकवला आहे असा उमेदवार समितीच्या लगेच लक्षात येतो.

मुलाखतीत नुसत्या व्याख्या विचारत नाहीत. "दोनशे मीटरच्या ट्रॅकवर चारशे मीटरच्या शर्यतीचा स्टॅगर (धावपट्टीनुसार सुरुवातीच्या रेषा किती पुढे घ्यायच्या ते अंतर) कसा काढाल?", "महिलांच्या कबड्डीचं मैदान आखून दाखवा", "अकरा संघांची बाद पद्धतीची भाग्यपत्रिका (सामन्यांचा तक्ता) तयार करा, बाय (न खेळता पुढची फेरी) कुणाला द्याल?" असे प्रश्न येतात. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८, एवढं सांगून थांबू नका, चुना आणि सुतळी घेऊन ते कसं आखाल तेही सांगा. हाताने काम केलेला माणूस तिथे ओळखू येतो.

आता सापळा. विनाअनुदानित महाविद्यालयात किंवा तासिका तत्त्वावर काम सुरू केलंत तर निवड विद्यापीठाच्या नियमांनुसार झाली का आणि मान्यतेचं पत्र आलं का, हे पहिल्याच वर्षी पाहा. नुसत्या संस्थेच्या नेमणूकपत्रावर केलेली अनेक वर्षांची सेवा पुढे कुठेही धरत नाहीत. ज्यांनी सकाळी सहापासून मुलांना घडवलं त्यांच्या हाती शेवटी मोजण्याजोगा अनुभवच उरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. लाजू नका, पाठपुरावा करा, आवक-जावक क्रमांकासह प्रत आपल्याकडे ठेवा.

५. रुजू झाल्यावरचा पहिला महिना

पहिल्या दिवशी जिमखान्याची किल्ली देतील आणि एका रजिस्टरवर सही मागतील. डेड स्टॉक रजिस्टरमधली, म्हणजे टिकाऊ साहित्याच्या नोंदवहीतली, प्रत्येक वस्तू मोजल्याशिवाय सही करू नका. नोंदीत वेटलिफ्टिंगचा पूर्ण संच असतो आणि खोलीत दोन गंजलेल्या प्लेट्स. प्राचार्यांना लेखी कळवा, समिती नेमून मोजणी करून घ्या, मोडलेलं साहित्य रीतसर निर्लेखित करा, म्हणजे नोंदीतून काढून टाका. यात कुणावर संशय घेण्याचा प्रश्न नाही. आज केलेली सही पुढच्या लेखापरीक्षणात तुमच्या नावावर निघते, एवढंच.

मग तीन गोष्टी विचारून घ्या : जिमखाना शुल्क वर्षाला किती जमा होतं, त्यातलं विद्यापीठाला किती जातं आणि उरलेल्यातलं खेळावर प्रत्यक्षात किती खर्च होतं. जिमखाना समितीची बैठक जूनमध्येच बोलवा, अंदाजपत्रक मंजूर करून घ्या. ऑगस्टमध्ये संघ निघायच्या आदल्या दिवशी पैसे मागायला गेलात तर उत्तर ठरलेलं असतं.

शिस्त समिती, व्यासपीठ व्यवस्था, मिरवणूक, परीक्षेची बैठक व्यवस्था ही सगळी कामं क्रीडा संचालकाकडे ढकलायची रीत बहुतेक महाविद्यालयांत आहे. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताकदिनाचं संचलन तुमचंच, ते मनापासून करा. बाकीच्यांसाठी प्राचार्यांशी एकदा मोकळेपणाने बोला : सकाळची आणि संध्याकाळची सरावाची वेळ सोडून जे सांगाल ते करीन. ही वेळ एकदा गेली की संघ उभा राहत नाही.

६. हंगाम कसा फिरतो

वर्षाचा आराखडा डोक्यात पक्का हवा. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यापीठाचं क्रीडा वेळापत्रक आणि यजमान महाविद्यालयांची यादी येते. मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मोठ्या विद्यापीठांत महाविद्यालयांचे विभाग असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे जिल्हा, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. आधी विभागीय, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग सराव शिबिर आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या म्हणजे एआययूच्या स्पर्धा. आपण पश्चिम विभागात, गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशाबरोबर. तिथून अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांसाठी 'अश्वमेध' हा क्रीडा महोत्सव वेगळा. २०२० साली भुवनेश्वरला सुरू झालेल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांनी या साखळीला आणखी एक टप्पा जोडला.

अडचण अशी की याच काळात पाऊस असतो आणि हंगाम रंगात येतो तोवर सत्र परीक्षा येतात. यजमानपद मागायचं असेल तर पावसात बुद्धिबळ, टेबल टेनिस, बॅडमिंटन असे छपराखालचे खेळ मागा. मैदानी खेळ दिवाळीच्या आसपास. परीक्षेची तारीख आणि स्पर्धेची तारीख एकत्र येणार असं दिसताच परीक्षा विभागाला लेखी पत्र द्या. विद्यार्थ्याला "बघू नंतर" असं तोंडी आश्वासन कधीही देऊ नका. त्याचं वर्ष जाईल आणि पुढच्या वर्षी तो मैदानात येणार नाही, त्याचे मित्रही येणार नाहीत.

७. पात्रता प्रपत्र

हा भाग दोनदा वाचा.

जुलै २०२५ मध्ये जर्मनीतल्या राइन-रुहर जागतिक विद्यापीठ स्पर्धेत भारताचा बारा जणांचा बॅडमिंटन संघ गेला होता. मिश्र सांघिक प्रकारात कांस्यपदक आलं, पण बारापैकी सहा जणांना मैदानात उतरताच आलं नाही, कारण व्यवस्थापकांच्या बैठकीत दिलेल्या यादीत त्यांची नावं नव्हती. देशभरातून निवडून, सराव करून, परदेशात पोहोचलेली मुलं प्रेक्षकांत बसली. जे तिथे घडलं ते तालुक्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दर वर्षी घडतं, फक्त त्याची बातमी होत नाही.

प्रवेशिका मुदतीत पाठवा, पोच घ्या. प्रत्येक खेळाडूसाठी जून-जुलैमध्येच एक लिफाफा तयार करा :

- पात्रता प्रपत्र, फोटोवर अर्धा शिक्का येईल असं, प्राचार्यांच्या सहीने
- दहावीची गुणपत्रिका किंवा प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी
- बारावीची गुणपत्रिका
- मागच्या वर्षाची गुणपत्रिका
- चालू वर्षाची शुल्क पावती आणि ओळखपत्र
- कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे पीआरएन
- आधार कार्डाची प्रत

आणि हे सापळे :

कनिष्ठ महाविद्यालयाची मुलं. आपल्याकडे अकरावी-बारावी आणि पदवीची मुलं एकाच मैदानावर खेळतात. पण अकरावी-बारावीवाले जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धांत, १९ वर्षांखालच्या गटात खेळतात. विद्यापीठाच्या संघात ते चालत नाहीत. संघात एक जरी असा सापडला तर अख्खा संघ बाद होतो.

उशिरा होणारे प्रवेश. अभियांत्रिकी, औषधनिर्माण या शाखांचे प्रथम वर्षाचे प्रवेश फेऱ्यांमधून लांबतात. स्पर्धेच्या दिवशी मुलगा वर्गात बसत असतो पण त्याचा प्रवेश कागदावर पक्का नसतो. अशांची वेगळी यादी ठेवा आणि प्रवेश समितीच्या कारकुनांना रोज भेटा.

नावातला फरक. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. हे स्पर्धेच्या टेबलावर मिटत नाही, आधीच दुरुस्त करून घ्या.

महाविद्यालय किंवा विद्यापीठ बदललेला खेळाडू, वर्षाची गॅप घेतलेला, नोकरी करत शिकणारा, बाहेरून परीक्षा देणारा. या प्रत्येकासाठी एआययूचे आणि विद्यापीठाचे नियम आहेत. वयोमर्यादा आणि बारावीनंतरच्या वर्षांची अटही त्यातच असते. दर वर्षीची नवी पुस्तिका छापून भिंतीवर लावा. मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

८. निवड चाचणी

चाचणीची सूचना प्रत्येक वर्गात वाचून दाखवा. नुसती फलकावर लावली तर ती नेहमीच्याच मुलांना कळते. गावाहून एसटीने येणारी, दुपारच्या गाडीने परत जाणारी मुलं फलकापाशी थांबत नाहीत आणि कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं यातले खरे दमदार खेळाडू त्यांच्यातच असतात. त्यांच्या गाडीची वेळ पाहून चाचणी ठेवा.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा जाधव वार्षिक क्रीडा स्पर्धेसाठी नाव द्यायला गेले तेव्हा त्यांची लहान चण पाहून क्रीडाशिक्षकांनी नाव घ्यायला नकार दिला आणि प्राचार्यांकडे गेल्यावर त्यांना संधी मिळाली, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. हेच खाशाबा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते ठरले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. त्या दिवशी तुमच्या महाविद्यालयात कार्यक्रम होईल, हार घातला जाईल. माझी विनंती एवढीच की चाचणीच्या टेबलावर बसल्यावर कुणाला नुसतं बघून परत पाठवू नका. पळवून बघा, खेळवून बघा, मग ठरवा.

चाचणीच्या नोंदी लेखी ठेवा : वेळ, अंतर, गुण, निवडकर्त्यांच्या सह्या. कुणाचा तरी पुतण्या घ्या म्हणून फोन येतो तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो. राखीव खेळाडूंची यादीही त्याच दिवशी लावा.

९. मुलींचा संघ

मुलींचा संघ तयार होत नाही असं ज्या महाविद्यालयातून ऐकू येतं तिथे मी आधी दोन गोष्टी पाहते : कपडे बदलायला कडी लागणारी खोली आहे का आणि सराव संपल्यावर मुली घरी कशा जातात. मैदानाचा प्रश्न त्यानंतर येतो.

पालकांच्या घरी जा. फोन करून भागत नाही. आईशी बोला, वडिलांशी बोला, कुठे राहणार, सोबत कोण, परत कधी, हे लिहून द्या. एकदा एका गावातली एक मुलगी स्पर्धेहून नीट परत आली की पुढच्या वर्षी त्याच गावातून तीन येतात. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे. कुणी शिक्षिका तयार नसेल तर संघ पाठवू नका असं नाही, पण प्राचार्यांकडून एखाद्या शिक्षिकेच्या नावाचा लेखी आदेश काढून घ्या आणि तिचा प्रवासभत्ता आधी द्या. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांचे क्रमांक जिमखान्याच्या दारावर लावा आणि मुलींना ती समिती कशासाठी आहे ते स्वतः सांगा. सराव घेणारा बाहेरचा प्रशिक्षक असेल तर त्याच्याबद्दल चौकशी करूनच त्याला बोलवा.

पाळी, लोह, पुरेसं खाणं यावर हंगामाच्या सुरुवातीला एखाद्या महिला डॉक्टरांचं सत्र ठेवा. उपाशीपोटी सरावाला येणाऱ्या मुली जितक्या दिसतात त्याहून जास्त असतात.

१०. संघ बाहेरगावी नेताना

निघण्यापूर्वी सोबत हवं : मूळ कागदपत्रांचा संच आणि त्याची वेगळ्या पिशवीत दुसरी प्रत, पालकांची संमतीपत्रं, रक्तगट आणि आजारांची यादी, प्रथमोपचार पेटी, बर्फाची पिशवी, परतीची तिकिटं, प्राचार्यांचं प्रवासाचं पत्र.

रेल्वेचं आरक्षण तारखा कळताच करा. हरला तर कधी, जिंकला तर कधी, असे परतीचे दोन्ही दिवस गृहीत धरा. पोहोचल्यावर व्यवस्थापकांच्या बैठकीला स्वतः जा, यादी स्वतःच्या हाताने द्या, दिलेल्या यादीचा फोटो काढा.

औषधांबद्दल काळजी घ्या. सर्दी-खोकल्याच्या साध्या गोळीतही प्रतिबंधित घटक असू शकतो. नाडाचं, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचं, 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे, त्यात तपासल्याशिवाय खेळाडूला गोळी देऊ नका. जिममध्ये कुणी दिलेली पावडर घेणाऱ्या मुलांशी हंगामाआधीच बोला. बंदीची शिक्षा झाली की ते वय परत येत नाही.

११. पैसा आणि हिशोब

उचल (आगाऊ रक्कम) घेतली की परत आल्यावर लगेच समायोजन करा, म्हणजे पावत्या देऊन तिचा हिशोब मिटवा. पावत्या प्रवासातच पाकिटात दिवसवार लावा. भोजनभत्ता रोख दिला तर प्रत्येक खेळाडूची सही घ्या. आणि भत्ता खेळाडूला पूर्ण द्या. त्यातून बॅनर, सत्काराचे हार असले खर्च भागवायची सवय काही ठिकाणी असते, तुम्ही ती लावून घेऊ नका.

साहित्य खरेदीसाठी दरपत्रकं मागवा आणि तुलनात्मक तक्ता करा. स्वस्तातले बूट घेऊन घोटे मुरगळून घेण्यापेक्षा कमी जोड्या घ्या पण चांगल्या घ्या.

मदत मागायला संकोच नको. हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून खाशाबांसाठी सात हजार रुपये उभे केले. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा कुणी करणार नाही. माजी खेळाडूंची यादी करा, त्यांना रोख मागण्याऐवजी वस्तू मागा : दहा चेंडू, एक मॅट, एका मुलीचे स्पाइक्स. वस्तूची नोंद रजिस्टरला करा आणि देणाऱ्याला ती वापरताना बघायला बोलवा.

१२. पुढची वाट

पहिल्या बढतीसाठी पीएच.डी. असेल तर चार वर्षं, नसेल तर सहा वर्षं सेवा लागते, सोबत ठरलेले उजळणी व प्रशिक्षण वर्ग. मूल्यमापनात अंतर्गत स्पर्धा भरवल्या का, बाहेरच्या स्पर्धांत संघ गेले का, मैदानं सुधारली का, हे पाहतात. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकलाही विद्यार्थ्यांच्या पदकांची प्रमाणपत्रं लागतात. म्हणून प्रत्येक प्रमाणपत्र त्याच आठवड्यात स्कॅन करून वर्षवार ठेवा. नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा आणि योग सह-अभ्यासक्रम म्हणून श्रेयांकांत आले आहेत, त्यामुळे वर्गावर शिकवायचं कामही वाढलं आहे. ते ओझं समजू नका. जी मुलं कधीच मैदानावर आली नसती ती या निमित्ताने येतात.

विद्यापीठाच्या उपसंचालकपदासाठी पीएच.डी. आणि आठ वर्षांचा अनुभव, संचालकपदासाठी पीएच.डी. आणि दहा वर्षांचा. दोन्हींसाठी किमान दोन आठवड्यांची सराव शिबिरं आणि स्पर्धा भरवल्याचा, चांगली कामगिरी करणारे खेळाडू घडवल्याचा पुरावा लागतो. हे पुरावे मुलाखतीच्या आठवड्यात तयार होत नाहीत. प्रत्येक शिबिराचं परिपत्रक, हजेरी आणि अहवाल पहिल्या वर्षापासून जपून ठेवा.

विद्यापीठाच्या खुर्चीत बसल्यावर काम बदलतं. तिथे एक संघ सांभाळायचा नसतो, शेकडो महाविद्यालयांचं वेळापत्रक, पंच, निवड समित्या, तक्रारी आणि अंदाजपत्रक सांभाळायचं असतं. आंतरविद्यापीठ स्पर्धांतल्या सर्वोत्तम विद्यापीठाला मौलाना अबुल कलाम आझाद करंडक १९५६-५७ पासून दिला जातो आणि त्यावर वर्षानुवर्षं गुरु नानक देव, पंजाबी आणि पंजाब या विद्यापीठांचं वर्चस्व राहिलं. त्यांच्याकडे मुलं जन्मतः वेगळी असतात असं मला वाटत नाही. खेळाडूंना वसतिगृह, जेवण आणि वर्षभर प्रशिक्षक मिळाला की निकाल बदलतो. आपल्याकडे विद्यापीठाचा संघ बहुतेकदा स्पर्धेआधीच्या शिबिरातच पहिल्यांदा एकत्र येतो. तुम्ही कधी त्या खुर्चीत बसलात तर पहिलं अंदाजपत्रक मांडताना गणवेश आणि समारंभांच्या आधी वर्षभराच्या प्रशिक्षकांचं मानधन लिहा. तोवर, यंदाच्या जूनमध्ये, जिमखान्याच्या टेबलावर खेळाडूंचे लिफाफे मांडा आणि ज्याचा कागद कमी आहे त्याला त्याच दिवशी निरोप पाठवा.